मागच्या दिव्यांमधली धूळ

आर्मेलने जुन्या टूथब्रशचे केस अंगठ्याने मागे ओढले आणि सोडून दिले. मोहरीएवढेही नसतील असे पिवळट शिंतोडे गाडीच्या वीतभर काचेवर उडाले.

"डावीकडे माशा जास्त झाल्या," मागून लुसियाँ म्हणाला. कॉफीचा वाडगा दोन्ही हातांत धरून तो तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता.

"मोजल्यास का?"

"मोजायच्या कशाला? मी पुसल्यात त्या. चोवीस तास पुसल्यात. तू तिथे होतीस का?"

"नव्हते रे. मी दुसऱ्या एका कामात होते."

लुसियाँने कॉफीचा मोठा घोट घेतला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जूनच्या त्या शनिवारी-रविवारी त्याची बायको कुठल्या कामात होती, हे त्याला चांगलंच ठाऊक होतं. तो तिथे चोवीस तासांच्या मोटारशर्यतीच्या मैदानात, एकसष्ट नंबरच्या निळ्या गाडीचा मेकॅनिक होता आणि ती इकडे ल मांच्या इस्पितळात सोलेनला जन्म देत होती. घरात कुठलाही वाद निघाला, की तासाभरात गाडी या दोन वाक्यांवर येऊन थांबायची. तो म्हणायचा, तू तिथे नव्हतीस. ती म्हणायची, तूही इथे नव्हतास. मग जेवणं व्हायची.

आता टेबलावर होती ती तीच निळी गाडी, खरीच्या एक-अष्टमांश मापाची. लांबीला एखाद्या तान्ह्या बाळाएवढी. खरी गाडी पुढच्याच वर्षी सरावात जळून गेली, तिचा एक बोल्टसुद्धा उरला नाही. तिच्या जातीच्या गाडीचा नऊशे तुकड्यांचा संच बाजारात आला तेव्हा आर्मेलने तो लुसियाँला न विचारता मागवला. जानेवारीत तिने पहिला तुकडा साच्यापासून कापला. इंजिनाच्या वायरी शिवणाच्या दोऱ्याहून बारीक होत्या, त्या तिने एकेक करून ओवल्या. निळ्या रंगाचे सहा पातळ हात दिले. चौथ्या हातात मांजराचा केस सापडला, तेव्हा सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून दिले. दारावरची अक्षरं संचात नव्हतीच, कारण या गाडीला पैसे पुरवणारा एकच माणूस होता, तो म्हणजे गावचा खाटीक. त्यामुळे दोन्ही दारांवर 'बेल्वाल यांचे डुकराचे रियेत' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं. आर्मेलने ते हाताने रंगवलं. पावाला फासायच्या त्या मांसाला मॉडेल क्लबात सगळे जगातलं सर्वांत वेगवान रियेत म्हणायचे.

ऑगस्टात गाडी आरशासारखी चकचकीत तयार झाली आणि आर्मेल तिला मळवायला बसली. शेजारणीला ते बघवेना. "अगं, आठ महिने घासलंस आणि आता चिखल लावतेस?"

आर्मेलला हसू आलं. तिने अडतीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवल्या होत्या. माणसं यायची आणि म्हणायची, पांढरेशुभ्र करा. ती मान हलवायची आणि दाताच्या मुळाशी चहाच्या रंगाची एक पुसट रेघ ओढायची, एखाद्या दाताची कड केसभर झिजवायची. घातल्यावर बायकोलाही संशय येऊ नये असे दात व्हायचे. डाग योग्य जागी असला की खोटी वस्तू खरी वाटते, हे तिने हातांनी शिकलेलं होतं. निवृत्तीनंतर तिचे हात रिकामे बसेनात. ते दर गुरुवारी मॉडेल क्लबात जाऊ लागले, आणि हातांमागून ती.

मळवायच्या कामात लुसियाँइतका जाणकार मिळणं शक्य नव्हतं. त्याला सगळं आठवायचं. पेट्रोलच्या झाकणापासून ओघळ किती बोटं खाली आला होता, ब्रेकची काळी भुकटी पुढच्या चाकांवर जास्त आणि मागच्यांवर कमी का, रबराचे कण कुठल्या खाचेत साचत. आणि चूक दिसली की तो गप्प बसूच शकत नसे. हे त्याच्या ताकदीबाहेरचं होतं. नातेवाइकाच्या अंत्यसंस्कारातसुद्धा त्याने पाद्र्याला थांबवून मृताच्या पहिल्या गाडीचं साल दुरुस्त केलं होतं. आर्मेलने आजवर केलेल्या प्रत्येक मॉडेलमध्ये त्याने निदान तीन चुका काढल्या होत्या. या एका गाडीपुढे तरी त्याने दोन मिनिटं गप्प उभं राहावं, एवढी तिची इच्छा होती.

फक्त एका जागेबद्दल त्याची स्मरणशक्ती लंगडत होती.

"मागचा भाग स्वच्छ होता," तो म्हणाला.

"स्वच्छ? चोवीस तास धावलेल्या गाडीचा?"

"मी पुसला होता."

"आख्खी गाडी सोडून तेवढाच?"

"लाल दिवे दिसायला नकोत का मागच्यांना?"

"दिवे पुसलेस, पटलं. दोन दिव्यांच्या मधल्या पट्टीचं काय?"

"आर्मेल, तू तिथे होतीस का?" म्हणत तो उठला आणि कोबीला पाणी घालायला गेला. बाहेर सकाळपासून रिपरिप चालू होती.

आर्मेल खिडकीतून त्याच्याकडे बघत राहिली. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कोबीत नव्हतं. धावत्या गाडीच्या मागे हवा आत ओढली जाते आणि रस्त्यावरची सगळी धूळ येऊन शेपटीलाच चिकटते, हे क्लबातल्या नवशिक्यालाही ठाऊक होतं. लुसियाँला ते ठाऊक नसणं म्हणजे पाववाल्याला पीठ ठाऊक नसणं.

क्लबातल्या फाब्रिसलाही ते पटलं नाही. हा फाब्रिस पोस्टमन होता. सकाळी पत्रं वाटायची आणि रविवारी गावोगावच्या जुन्या बाजारांत शर्यतीचे फोटो धुंडाळायचे, हे त्याचं आयुष्य. सप्टेंबरअखेर एका सकाळी तो सायकल लावून थेट स्वयंपाकघरातच आला.

"काकू, आज पत्र नाही. त्याहून चांगलं आहे," म्हणत त्याने पाकिटातून फोटोची एक पारदर्शक स्लाइड काढली. "कुणा हौशी माणसाची आख्खी पेटी मिळाली. एकसष्ट नंबर, मागून!"

आर्मेलने प्रयोगशाळेतलं आपलं भिंग डोळ्याला लावलं आणि स्लाइड खिडकीच्या उजेडात धरली. धुकं होतं. गाडी वळणावर नुकतीच पुढे निघून गेलेली, तिचे दिवे अजून पेटलेले. स्लाइडच्या कडेला कुणीतरी पेन्सिलीने नीट लिहून ठेवलं होतं, 'रविवार, सकाळी सहा'. शेपटी धुळीने भरलेली होती, तिला वाटलं होतं तशीच. आणि दोन लाल दिव्यांच्या मध्ये, त्या धुळीत, कुणीतरी बोटाने अक्षरं ओढली होती.

तिने भिंग पुसलं आणि पुन्हा लावलं.

'मुलगी. ३ किलो १८०.'

तीनचा आकडा डोक्यावर सपाट होता. घरातल्या दुधाच्या हिशेबापासून प्रत्येक वाढदिवसाच्या पत्रापर्यंत सगळीकडे लुसियाँचा हाच सपाट डोक्याचा तीन होता.

"काकू? तेलाचे डाग आहेत का ते?" फाब्रिसने विचारलं.

आर्मेल खुर्चीवर बसली आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, मग तिने टेबलावर मूठ आपटली, मग पुन्हा हसू लागली. फाब्रिसने घाबरून तिच्यासाठी पेलाभर पाणी ओतलं आणि ते स्वतःच पिऊन टाकलं.

सोलेन जन्मली रविवारी पहाटे पावणेपाचला. आर्मेलच्या आईने पाच वाजता इस्पितळाच्या टेलिफोनवरून मैदानात फोन लावला. निरोप दिला, असं तिने शपथेवर सांगितलं. 'फोनवरच्या माणसाने दोनदा आभार मानले माझे,' ती म्हणायची. आणि लुसियाँ आला संध्याकाळी सात वाजता. नखं काळी, अंगाला तेलाचा वास, हातात अर्धी सांडलेली शँपेनची बाटली. म्हणाला, कसला निरोप? मला तर शर्यत संपल्यावर कळलं. आई म्हणाली, हा खोटं बोलतोय. लुसियाँ म्हणाला, आईंनी भलत्याच कुणाला तरी सांगितलं असेल. दोघं वर्षानुवर्षं एका टेबलावर जेवले, पण आईने त्याच्या बाजूची मिठाची वाटी कधी मागितली नाही. आणि आर्मेलने नवऱ्यावर विश्वास ठेवला होता. बारा वर्षांपूर्वी आई गेली. लेकीने आपल्याला विसराळू म्हातारी ठरवलं, हे सोबत घेऊन गेली. आर्मेलच्या मनाला तेवढी एक गोष्ट टोचत राहिली होती.

"आई खरं बोलत होती," ती आता मोठ्याने म्हणाली.

बाहेर लुसियाँ एक कोबी काखेत मारून वाफ्यातून येत होता. तिला वाटलं, आत्ताच जावं आणि स्लाइड त्याच्या नाकासमोर धरावी. पण पंचेचाळीस वर्षांचा सराव असलेला माणूस तो. म्हणाला असता, गाडी दुसरी आहे, स्लाइडवरची वेळ चुकली आहे, मला काय आठवतंय. सरळ विचारून त्याच्या तोंडून काही निघणार नव्हतं. त्याच्या तोंडून बोलणं कशाने निघतं, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं.

"फाब्रिस, ही स्लाइड तू मला दिलेली नाहीस."

"म्हणजे?"

"म्हणजे मूग गिळ आणि कोबी घेऊन घरी जा."

पुढचे दोन आठवडे लुसियाँ बाहेर गेला की ती मागच्या पट्टीवर काम करायची. तपकिरी आणि राखाडी भुकटी पातळ द्रावणात कालवून तिने एकावर एक थर बसवले. मग दात कोरायचं बारीक हत्यार घेतलं, टोकाला ओलसर कापसाचा धागा गुंडाळला आणि धूळ पुसत पुसत खालची निळाई अक्षरांच्या आकारात उघडी केली. तीनचं सपाट डोकं काढायची गरजच पडली नाही, कारण तिने तीन लिहिलाच नाही. तिने लिहिलं, 'मुलगी. २ किलो ९००.' बाकी सगळ्या गाडीवर वार्निशचा शेवटचा हात फिरवला. तेवढी पट्टी तशीच ठेवली.

"मागचं दाखव की," लुसियाँ म्हणाला.

"वाळतंय."

"स्वच्छ ठेवलंस ना?"

"तू सांगितलंस ना स्वच्छ होतं म्हणून."

त्याने सुटकेचा श्वास सोडलेला तिला टेबलापलीकडून ऐकू आला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी गावच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. लांब टेबलांवर हिरवं कापड, दर दोन हातांवर 'हात लावू नये' अशी पाटी, आणि कोपऱ्यात फाब्रिसची बायको भाजत असलेल्या वॉफलचा घमघमाट. परीक्षक मादाम क्वेसो हातात टॉर्च आणि वही घेऊन फिरत होत्या. त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं, पण एकदा एका टायरवरची अक्षरं बघून त्या 'हं' म्हणाल्या होत्या, आणि तो माणूस अजून ते सांगत फिरत असे.

लुसियाँ दारापासूनच कामाला लागला. पहिल्या टेबलावर एक आरसा तिरका होता, दुसऱ्यावर सीटबेल्ट चुकीच्या सालातला. सोलेन ट्रामची पाळी संपवून गणवेशातच आली. वॉफलची साखर हनुवटीला लावून ती बापामागे फिरू लागली.

"बाबा, जरा हळू बोला. ते काका रडतील."

"सीटबेल्ट चुकलाय तर चुकलाय म्हणायचं नाही? तू ट्राम चालवतेस, तुला काय कळणार. ताशी वीस किलोमीटर!"

"पण वेळेवर पोचते."

आर्मेल आपल्या गाडीमागे उभी होती. ओठ हसू दाबून दुखत होते.

लुसियाँ नाकापासून सुरू झाला. काचेवरच्या माशा बघितल्या, मान हलवली. ओघळ बघितला. चाकांपाशी वाकला आणि रबराचे कण बघून चष्मा वर सरकवला. रियेतची अक्षरं वाचून त्याच्या चेहऱ्यावर एकदम तेहतीस-चौतीस वर्षांच्या माणसाचं हसू आलं. "आर्मेल," तो म्हणाला, "ही... ही आमचीच आहे गं." तिला ते इतकं गोड लागलं की क्षणभर आपण सापळा लावलाय हेच ती विसरली.

मग तो मागच्या बाजूला गेला आणि वाकला.

तो वाकलेलाच राहिला. त्याच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल झाल्या. आर्मेलने पाटी सरळ केली, कापडावरची नसलेली सुरकुती काढली. दोन मिनिटं गेली असतील. आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या मॉडेलपुढे गप्प होता. चष्मा काढला, शर्टाला पुसला, घातला.

सोलेन त्याच्या शेजारी वाकली. "मुलगी, दोन किलो नऊशे," तिने वाचलं. "ही कोण आणखी?"

"तीन किलो एकशे ऐंशी!" लुसियाँ ओरडला. सगळं सभागृह वळून बघू लागलं. "दोन नऊशे कुठून काढलंस? तीन किलो एकशे ऐंशी! एवढं ठळक लिहिलं होतं मी..."

तो थांबला.

"कधी लिहिलं होतंस?" आर्मेलने मऊ आवाजात विचारलं.

लुसियाँने फाब्रिसकडे पाहिलं. फाब्रिस छताकडे बघू लागला.

"सव्वापाचला," लुसियाँ म्हणाला. "गाडी पेट्रोलला थांबली होती. तुझ्या आईचा फोन मीच घेतला होता."

"दोनदा आभार मानलेस."

"तीनदा. त्यांनी एकदा कमीच सांगितलं."

"बाबा!" सोलेन म्हणाली.

"अगं, मी निघालोच होतो! पण गियरबॉक्स फक्त मला उमगायचा. ती गाडी काही टिकणार नव्हती, सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, तासाभरात बंद पडेल, मग जातो. मी तर मनात म्हणत होतो, पड बाई बंद. आयुष्यात एकदाच गाडी बंद पडावी म्हणून प्रार्थना केली." त्याने दोन्ही हात पसरले. "आणि ती बंदच पडेना!"

कुणीतरी फिसकन हसलं. आर्मेल हसली नाही. हसायची वेळ अजून झाली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार होतो. पण खोलीत शिरलो तर तुझी आई पलंगापाशी उभी. हातात छत्री. तोंडाला आलं ते बोलून गेलो. मग एकदा बोललेलं परत घ्यायला बरा दिवसच सापडेना."

"पंचेचाळीस वर्षांत?"

लुसियाँ गाडीच्या शेपटीकडे बघत, जणू तिलाच सांगतोय अशा आवाजात म्हणाला, "धूळ बसून ते दर तासाला बुजायचं. गाडी थांबली की मी आधी तेच पुन्हा लिहायचो. मालक ओरडायचा, चाकं बघ. आणि मग रस्त्याकडेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहायचो. दर साडेचार मिनिटांनी ही माझ्यासमोरून जायची. त्या वेगात वाचता कुठलं येतंय. पण मला माहीत होतं ना काय लिहिलंय ते. दुपारी चारपर्यंत एकही फेरी मी चुकवली नाही."

सोलेनने हनुवटीवरची साखर पुसली आणि बापाच्या दंडाला धरून ठेवलं. आर्मेलला इतका वेळ वाटत होतं, की तो पकडला गेला की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. ते वाटायच्या जागी तिला फार आनंद झाला, सरळसाधा, गळ्यापर्यंत. आपली मुलगी जन्मल्या दिवशी शंभरेक वेळा त्या मैदानाला फेरी मारून आली होती, आणि लाखभर माणसांनी ती पाहिली होती.

"बुधवारी मृतांचा सण आहे," ती म्हणाली. "आईच्या कबरीवर शेवंतीची कुंडी तू न्यायची. सगळ्यांत मोठी, आणि सायकलवरून."

"नेतो."

"आणि मोठ्याने सांगायचं तिला."

"सांगतो. तीनदा आभार मानले होते, हेही सांगतो."

आता मात्र ती हसली. पिशवीतून तिने कागदात गुंडाळलेलं ते बारीक हत्यार काढलं, धुळीच्या भुकटीची डबी काढली आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवलं. "तेवढी पट्टी कच्चीच ठेवली आहे. घे, बरोबर कर."

लुसियाँने बाह्या वर केल्या. जाड, वाकड्या बोटांत हत्यार धरलं, चुकीच्या आकड्यांवर भुकटी पसरली, फुंकर मारली आणि जिभेचं टोक दातांत धरून सपाट डोक्याचा तीन काढायला वाकला.

"साहेब!" मादाम क्वेसो टॉर्च रोखून टेबलांमधून झपाट्याने येत होत्या. "पाटी वाचली नाहीत का? मॉडेलला हात लावायचा नाही!"

"लावू द्या हो बाई," आर्मेल म्हणाली. "हे तिथे होते."